पिठावरची बोटं

ते घर आता दुसऱ्यांचं आहे आणि त्याच्या गॅरेजमध्ये एक निळी व्हॅन उभी असते. माझ्या बहिणीच्या काळात तिथे गाडी कधीच उभी राहिली नाही. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा मारलेल्या होत्या, भिंतीला एक जुनी गादी दोरखंडाने बांधलेली होती, आणि कोपऱ्यात न उघडलेली खोकी होती. खोक्यांवर कोरीनच्या अक्षरात लिहिलेलं : 'नाताळ', 'चांगल्या बशा', 'पडदे – टॅकोमा'. टॅकोमा सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

कोरीनचा नवरा वॉल्ट डुडेक अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघाचा दुय्यम कोच होता. मुख्य कोच टीव्हीवर दिसतो. वॉल्ट दिसायचा तो मुख्य कोचच्या खांद्यामागे, अर्धा. संघ हरत गेला की मुख्य कोचला काढतात, आणि त्याच्याबरोबर त्याने आणलेले सगळे दुय्यमही जातात. असं होत होत सव्वीस वर्षांत त्यांची नऊ घरं झाली. नववं मात्र आमच्याच गावात, सरोवराच्या या काठाला, माझ्या घरापासून दोन दारं सोडून मिळालं. कोरीन पहिल्या दिवशी म्हणाली, "मार्जी, आता मला इथूनच स्मशानात न्या." तरीही खोकी तिने निम्मीच उघडली.

वॉल्टच्या ताब्यात भिंत होती. चेंडू फेकणाऱ्यापुढे जे पाच धिप्पाड गडी उभे असतात, त्यांना आमच्याकडे कोणी भिंत म्हणतं, कोणी आणखी काही. सबंध सामन्यात ते चेंडूला हात लावत नाहीत. समोरच्याला अडवायचं, एवढंच त्यांचं काम. अडवलं तर त्यांचं नाव कोणी घेत नाही. एकदा चुकले की सत्तर हजार माणसं घेतात. भिंतीचा मुख्य शिक्षक वेगळा होता, तो नामांकित पाच जणांना बघायचा. वॉल्टच्या वाट्याला उरलेले यायचे. त्यातले काही तर नुसते सरावापुरते. आठवडाभर त्यांनी पुढच्या रविवारच्या शत्रूचं सोंग घेऊन आपल्याच लोकांशी झुंजायचं, आणि रविवारी साधे कपडे घालून बाजूला उभं राहून सामना बघायचा.

अमोस टिलरी त्यांच्यातला. मिसिसिपीच्या कुठल्याशा खेड्यातला, तीनशे दहा पौंडांचा, चोवीस वर्षांचा. त्याच्या कॉलेजचं नाव वॉल्टनेही त्याला निवडायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. शुक्रवारी कोचमंडळींना दुपारी सुटी मिळते. वॉल्ट घरी यायचा आणि त्याच्यामागे दहा मिनिटांत अमोस. शुक्रवारी मी दातांच्या दवाखान्यातलं काम अर्ध्या दिवसाने संपवून कोरीनकडे पिरोगी, म्हणजे पाण्यात उकडलेल्या पोलिश करंज्या, करायला जायची. स्वयंपाकघराचं एक दार गॅरेजमध्ये उघडायचं आणि पाणी उकळत असल्यामुळे ते आम्ही उघडंच ठेवायचो. फुटबॉलमधलं मला जे काही कळतं ते त्या दारातून आलेलं आहे.

वॉल्ट ओरडायचा नाही. एका आठवड्यात एकच गोष्ट शिकवायची, असा त्याचा नेम होता.

"दोन शिकव की, वेळ वाचेल," मी एकदा म्हटलं.

"दोन सांगितल्या तर दोन्ही विसरतो. एक सांगितली तर निदान ती तरी विसरल्याचं त्याला कळतं."

एक आठवडा डावा अंगठा. एक आठवडा हनुवटी. एक सबंध महिना तर अमोस त्या गादीला तळहातांनी ढकलत होता, कारण वॉल्टच्या मते तो माणसाला अडवत नव्हता, मिठी मारत होता.

पिठाची गोष्ट पहिल्या वर्षीची. भिंतीतला गडी उभा राहताना वाकून एका हाताची बोटं जमिनीला टेकवतो. अमोस टेकवायचा आणि समोरच्यांना दर वेळी कळायचं की पुढचा डाव कसला आहे. चेंडू घेऊन पळायचा की लांब फेकायचा. सरावात आपलेच लोक त्याच्याकडे बघून हसायचे आणि आधीच त्या बाजूला जाऊन उभे राहायचे. कसं कळतं ते सांगायचे नाहीत. वॉल्टने चित्रफिती दहा वेळा पाहिल्या, त्यालाही दिसेना. मग एका शुक्रवारी तो स्वयंपाकघरात आला, कोरीनचा पिठाचा डबा उचलला आणि गॅरेजच्या जमिनीवर दोन मुठी पीठ पसरलं.

"वॉल्ट! ते पीठ आहे!"

"म्हणून तर घेतलं."

"माझं पीठ आहे!"

"अमोस, पळायचा डाव," वॉल्ट म्हणाला. अमोस वाकला, बोटं टेकवली, उठला. "आता शेजारी. फेकीचा."

आम्ही दोघी हातातली लाटणी घेऊन दारात आलो. पिठात पाच-पाच बोटांचे दोन ठसे होते. पहिला खोल, खालचं सिमेंट दिसेपर्यंत. दुसरा जेमतेम उमटलेला. पुढे झेपायचं असलं की अमोस सगळा भार हातावर टाकायचा. मागे सरकायचं असलं की आधीच मागे बसायचा. कोणालाही दिसलं असतं. नखं पांढरी झाली की पळणार, गुलाबी राहिली की फेकणार.

"मिसेस डुडेक, कॉलेजपासून मी सगळ्यांना पत्ता सांगत फिरतोय," अमोस म्हणाला.

"पत्ता राहू दे, झाडू घे," कोरीन म्हणाली.

त्यानंतर नाताळापर्यंत दर शुक्रवारी पीठ सांडलं. नाताळाच्या आदल्या शुक्रवारी वॉल्टने पाठ फिरवून अमोसला दोन्ही ठसे करायला लावले आणि मग मला विचारलं, "मार्जी, कुठला कुठला?" मला सांगता आलं नाही. वॉल्टने मान हलवली. तेवढीच शाबासकी.

पुढच्या वर्षीही अमोस सरावातच राहिला. त्याच्या जागेसाठी पुढे तीन जण होते आणि तिघेही धडधाकट. ऑक्टोबरच्या शेवटी एका गुरुवारी त्याला दुसऱ्या संघाचं बोलावणं आलं. त्यांचा त्या जागेवरचा गडी गुडघा मोडून बसला होता. सरावातल्या माणसाला दुसरा संघ उचलू शकतो. पण उचलला तर त्याला खऱ्या यादीत घ्यावं लागतं आणि तीन सामने तरी ठेवावं लागतं. तीन सामन्यांनंतर नको वाटला तर मंगळवारी नारळ. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आणि त्यातला तिसरा सामना आमच्याशी, आमच्याच मैदानावर.

आमच्या संघालाही अमोस एकाएकी मौल्यवान वाटू लागला. वरच्या माणसाने वॉल्टला बोलावून सांगितलं, "त्याला थांबव. तुझं ऐकतो. म्हणावं, दोन आठवड्यांत वर घेतो."

"घेणार का?" वॉल्टने विचारलं.

"बघू ना."

हे वॉल्टने शुक्रवारी घरी आल्या आल्या कोरीनला सांगितलं. कोरीनने कांदा चिरता चिरता विचारलं, "तुझा करार कधी संपतो?"

"जानेवारीत. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुला आहे का ते बघत होते. सांगितलंय तेवढं सांग आणि गप्प बस."

अमोस आला तो गॅरेजच्या दारातच थांबला. एरवी तो आधी आत डोकावून "बायांनो, वास हमरस्त्यापर्यंत येतोय," असं म्हणायचा. त्या दिवशी नाही.

"कोच, कळलं असेल तुम्हाला."

"कळलं. संघाचं म्हणणं आहे की थांब, दोन आठवड्यांत वर घेऊ. मला सांगायला सांगितलं होतं, सांगितलं."

"आणि तुमचं म्हणणं?"

"जा."

कोरीनची सुरी थांबली.

"इथे तुझ्यापुढे तिघं आहेत," वॉल्ट म्हणाला. "तिघांतले दोघं मीच घडवलेत, लवकर मोडायचे नाहीत. त्यांचे गुडघे मोडोत म्हणून तू काही मेणबत्ती लावणार नाहीस."

"एकदा लावावीशी वाटली होती."

"मलाही. तुझ्यासाठी."

अमोस हसला आणि लगेच थांबला. "तिथे मला कोण बघणार? मी एक आठवडा गेलो की माझं काहीतरी नवीन बिघडतं."

"तिथे एक शिक्षक असेल. ओरडणारा असेल. ओरडण्यातलं कामाचं तेवढं घे, बाकीचं त्याच्या बायकोसाठी सोडून दे. बूट घाल."

मग त्याने अमोसला वाकायला, उठायला, मागे सरकायला लावलं. वीस वेळा, चाळीस वेळा. अमोसचा शर्ट पाठीला चिकटला. साठ झाल्यावर वॉल्ट आत आला, कोरीनकडे न बघता डबा उचलला आणि अमोसच्या पायाशी पीठ पसरलं. "पळायचा." अमोस वाकला. "आता फेकीचा." वाकला. "आता बाजूला हो आणि बघ."

हाताचे ठसे अगदी सारखे होते. पण फेकीच्या वेळी उजव्या बुटाखालचं पीठ मागे ओढलं गेलं होतं. दोन इंच, फार नाही.

"ताजातवाना असतोस तेव्हा हे होत नाही," वॉल्ट म्हणाला. "दमलास की पाय आधीच पळायला बघतो. शेवटच्या पंधरा मिनिटांतली चूक आहे. अजून कोणाला दिसलेली नाही, कारण शेवटची पंधरा मिनिटं तुला कोणी खेळवलेलंच नाही. हे मी पुढच्या आठवड्यात काढणार होतो."

"मग आजच का?"

"तिसऱ्या सामन्यात आपली गाठ आहे म्हणून. जो माणूस आपल्याकडे होता त्याची सगळी खोट कागदावर लिहून बचावाच्या कोचला द्यायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. तुझा कागद मी लिहिणार. खोटं लिहिणार नाही, पायही लिहिणार. उद्या तू त्यांचा. आज शुक्रवार आहे, आज माझा आहेस, म्हणून आज सांगतो."

अमोस पिठाकडे बघत राहिला. "म्हणजे पेपर तुम्हीच काढणार आणि तुम्हीच फोडताय."

"पेपर फुटला तरी अभ्यास करावाच लागतो."

"आणि त्यांनी मला तुमच्या माणसांबद्दल विचारलं तर?"

"सांग. पगार त्याचाच देतात. तू काय काय सांगशील ते मी आपल्या पोरांना सोमवारीच सांगून ठेवणार आहे."

तो जेवायला थांबला, पण सोळाच पिरोगी खाल्ल्या. तो गेल्यावर कोरीनने ताटं अशी काही आपटली की मी माझा कोट शोधू लागले.

"सव्वीस वर्षं, वॉल्ट! पहिल्यांदा मला कुठली खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते न बघता सांगता येतंय. आणि तू—"

"त्यांनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं," वॉल्ट म्हणाला.

"आणि 'जा' म्हणालास, हे त्यांना सांगणार?"

"हे विचारलं नाही त्यांनी."

शनिवारी सकाळी तिच्या पायरीवर पिठाचं पोतं होतं, पंचवीस पौंडांचं. चिठ्ठी नव्हती. कोरीन ते एकटी ओढत आत घेऊन गेली. मला हात लावू दिला नाही.

पुढचे दोन रविवार आम्ही अमोसला टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्याच्या रंगाच्या कपड्यांत तो अजून मोठा दिसत होता. पहिल्या सामन्यात बरा खेळला, दुसऱ्यात एकदा त्याने अडवायचा माणूस सुटून थेट फेकणाऱ्यावर जाऊन आदळला, आणि टीव्हीवरच्या माणसाने त्याचं नाव घेतलं. कोरीन म्हणाली, "याला घरी बसवतील." ती खेळ बघत नव्हती, विणत होती, तरी म्हणाली.

आमच्या सामन्याच्या आदल्या सोमवारी वॉल्ट दुपारी घरी जेवायला आला. असं कधी होत नसे. त्याच्याकडे एक कागद होता आणि तो त्याला तिकडच्या गोंगाटात लिहायचा नव्हता. मीही डबा घेऊन तिथेच आले होते. त्याने सूप थंड होऊ दिलं आणि पेन्सिलीने लिहीत बसला. कोरीनने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"पाय लिहिलास."

"पाय खरा आहे."

"याच्यानंतरच्या मंगळवारी ते त्याला ठेवायचं की नाही ठरवणार आहेत."

"माहीत आहे."

"दोन इंच, वॉल्ट. दोन इंच राहिले असते तर कोणाला दिसलं असतं?"

त्या शुक्रवारी हीच बाई त्याला सांगितलेलं सांगून गप्प बसायला सांगत होती.  वॉल्टने कागदाची घडी केली.

"मी त्याला सांगितलं की लिहीन. आता नाही लिहिलं, तर मी त्याला आधी सांगितलं ती फितुरी होते. लिहिलं, तर शिकवणं होतं." मग तो थंड सूप प्यायला आणि गेला.

रविवारी आम्ही दोघी स्टेडियममध्ये होतो, बायकांना देतात त्या जागांवर, सरोवरावरचा वारा थेट तोंडावर. थर्मासमधली कॉफी दुसऱ्या भागातच संपली. अमोस आमच्या समोरच्या बाजूला होता आणि पाऊण सामना त्याने नेटाने रेटला. शेवटची पंधरा मिनिटं सुरू झाली तेव्हा आमचे तीन गुण जास्त होते. कोरीनने माझी दुर्बीण काढून घेतली आणि फक्त त्याच्या बुटाकडे बघत राहिली.

"सरकला," ती एकदम म्हणाली.

आमच्या गड्यालाही दिसलं. अमोससमोरच्या त्या गड्याने चेंडू सुटण्यापूर्वीच भार बदलला होता. चेंडू सुटला आणि आमचा गडी फेकणाऱ्याच्या दिशेने सुसाट निघाला. त्याला अमोस अडवेल असं कोणालाही वाटलं असतं. पण अमोसने त्याला अडवलंच नाही. ज्या बाजूला तो धावत होता त्याच बाजूला त्याला खांद्याने आणखी ढकललं, आणि त्याच्यामागे जी मोकळी जागा झाली तिच्यातून त्यांचा पळणारा चेंडू छातीशी धरून गेला. एकोणीस यार्ड. पाय फेकीचा होता, डाव पळायचा. चार मिनिटांनी पुन्हा तेच. पाय सरकला, आमचा गडी सुटला, आणि चेंडू त्याच्या पाठीमागून गेला. तिसऱ्या वेळी पाय सरकला तेव्हा आमचा गडी विचार करत जागीच थांबला, आणि त्या वेळी त्यांनी खरोखरच फेकला.

आम्ही चार गुणांनी हरलो. आमच्या आजूबाजूचे लोक खुर्च्यांना लाथा मारत होते. कोरीन दुर्बीण डोळ्यांना लावून मैदानाच्या मध्यावर बघत होती. तिथे सामना संपल्यावर दोन्हीकडचे लोक हात मिळवतात. वॉल्ट आणि अमोस दहा सेकंदच एकमेकांपुढे होते. काय बोलले ते मी नंतर वॉल्टला विचारलं.

"तो म्हणाला, 'कोच, पाय मागे जात होता.' मी म्हटलं, 'पाहिला.'"

"बस?"

"'मिसेस डुडेकना सांगा, मी जेवलेलो नाही,' असंही म्हणाला."

सोमवारी बचावाचा कोच, हॅनलन नावाचा लाल मानेचा माणूस, तो कागद घेऊन वॉल्टच्या खोलीत आला. "तुझा कागद खोटा निघाला."

"लिहिला तेव्हा खरा होता," वॉल्ट म्हणाला. "पोरगं शिकलं."

"तुला माहीत होतं?"

"पाय माहीत होता. त्याचं तो काय करील ते नव्हतं. ते माहीत असतं तर मीच मुख्य कोच झालो असतो."

हॅनलन हसला नाही. जानेवारीत मुख्य कोच गेला आणि त्याच्यामागे वॉल्टही. त्यात त्या कागदाचा हात होता की नव्हता, मला ठाऊक नाही. अकरा सामने हरल्यावर कारण शोधायला कोणी कागद उघडत नाही. पण ते पुढचं. त्या आठवड्यात आम्हाला फक्त मंगळवारची काळजी होती.

मंगळवारी दुपारी चार वाजता कोणाकोणाला काढलं त्याची यादी येते. कोरीनने आयुष्यात कधी खेळाचं पान उघडलं नव्हतं. त्या दिवशी ती फोन हातात घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि मी दवाखान्यातून लवकर निघून तिच्याकडे आले होते. यादी आली. तिने बोट खाली सरकवत नेलं, पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली नेलं. मग चष्मा पुसून मला वाचायला दिलं. मीही दोनदा वाचलं.

तिने वॉल्टला फोन लावला. तो कामाच्या वेळी उचलत नाही. त्या दिवशी पहिल्याच घंटेला उचलला.

"नाही," कोरीन म्हणाली.

"काय नाही?"

"नाव. यादीत नाव नाही. ठेवलं त्याला."

 फोनमध्ये मागे कोणीतरी खुर्ची ओढली. मग वॉल्ट म्हणाला,

"शुक्रवारी एक नवीन पोरगा येणार आहे. खांदे वाकडे टाकतो. घरात पीठ आहे का?"

"पंचवीस पौंड आहे," कोरीन म्हणाली.